अपघातानंतरचे पुढचे उड्डाण

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने पिंपळगावकडे निघाले की वाटेत ओझर लागते. येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात १९६० च्या दशकापासून मिग विमानांची बांधणी सुरू झाली. भारताचे पहिले अंतराळवीर राकेश शर्मा १९८७ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाल्यावर या कारखान्यात चाचणी वैमानिक म्हणून आले आणि १९९२ पर्यंत येथे होते. ओझरजवळ मिग-२१ ची चाचणी घेताना ते एकदा थोडक्यात बचावलेही. नाशिकच्या बऱ्याच शिक्षकांना एवढे माहीत असते.

एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ३ एप्रिल १९८४ रोजी शर्मा ज्या जातीच्या अग्निबाणातून अंतराळात गेले, त्याच जातीच्या अग्निबाणाला त्याआधी १९० दिवस प्रक्षेपण तळावर उभा असतानाच आग लागली होती. त्या आगीतून वाचलेल्या दोघांपैकी एक जण, गेन्नादी स्त्रेकालोव्ह, शर्मांच्या यानात अभियंता म्हणून बसले होते. मूळचे अभियंता निकोलाय रुकाविश्निकोव्ह आजारी पडल्याने त्यांची निवड झाली होती.

हे धाडस होते, अविचार होता, की त्यामागे काही हिशोब होता? अपघातानंतर माणसांना पुन्हा अंतराळात पाठवायचे केव्हा, हे कशावरून ठरवतात? हा प्रश्न आपल्या गगनयानामुळे आता आपलाही झाला आहे. म्हणून आम्ही तो येथे थोडा उलगडून मांडत आहोत.

आगीची रात्र

२६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री बैकानूर येथे सोयूझ यान उड्डाणाच्या तयारीत होते. आत व्लादिमीर तितोव्ह आणि स्त्रेकालोव्ह होते. त्यांना सॅल्युत-७ या अंतराळस्थानकावर जायचे होते. उड्डाणाला सुमारे दीड मिनिट उरले असताना इंधनपुरवठ्यातील एक झडप नीट बंद झाली नाही. अग्निबाणाच्या तळाशी इंधन सांडले आणि पेटले. वर शेकडो टन केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन भरलेला होता.

यानाच्या टोकावर घन इंधनाचा एक छोटा अग्निबाण बसवलेला असतो. संकट आले की तो पेटतो आणि अंतराळवीर बसलेला भाग मुख्य अग्निबाणापासून उपटून दूर नेतो. याला आपण सुटका यंत्रणा म्हणू. त्या रात्री आगीने या यंत्रणेला संदेश नेणाऱ्या ताराच जाळल्या. यंत्रणा शाबूत होती, पण तिला पेटण्याचा हुकूम पोचेना.

शेवटी नियंत्रकांनी रेडिओ संदेशाने तो हुकूम दिला. त्यासाठी वेगवेगळ्या खोल्यांतील दोन माणसांनी जवळजवळ एकाच वेळी कळ दाबावी लागत असे. ती दाबली गेली, सुटका अग्निबाण पेटला आणि यान वर झेपावले. त्यानंतर काही सेकंदांतच खालचा अग्निबाण कोसळून त्याचा स्फोट झाला. दोघे अंतराळवीर सुमारे चार किलोमीटर अंतरावर पॅराशूटने उतरले. त्यांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. सोव्हिएत संघाने त्या वेळी ही घटना जाहीर केली नाही.

सुटका अग्निबाणाला घन इंधन का वापरतात, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. द्रव इंधनाच्या मोठ्या इंजिनाला पंप फिरवावे लागतात, झडपा उघडाव्या लागतात. घन इंधनाला फक्त पेटवावे लागते आणि ते निमिषार्धात पूर्ण जोराने जळू लागते.

जोर किती लागतो तेही पाहू. समजा, यानाला १०० मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण मिळाले. २ सेकंदांत ते किती दूर जाईल? अंतर = ½ × १०० × २ × २ = २०० मीटर. पसरणाऱ्या आगीच्या लोळापासून सुटायचे तर काहीशी अशीच घाई लागते. प्रत्यक्षात तितोव्ह आणि स्त्रेकालोव्ह यांनी गुरुत्वीय त्वरणाच्या १४ ते १७ पट त्वरण सोसले. ६० किलोच्या माणसाला त्या काही सेकंदांत आपले वजन १५ पट, म्हणजे ९०० किलो झाल्यासारखे वाटेल. हे उभ्याने सोसणार नाही, कारण रक्त पायांकडे ओढले जाऊन शुद्ध हरपेल. म्हणून अंतराळवीर पाठीवर, गुडघे वर घेऊन, शरीराच्या मापाच्या आसनात बसतात.

गुणाकार आणि त्याची अट

आता हिशोबाकडे वळू. समजा, शंभर उड्डाणांपैकी एकात अग्निबाण दगा देतो. समजा, सुटका यंत्रणा दहा वेळांपैकी एकदा निकामी ठरते. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. दोन्ही एकाच वेळी बिघडण्याची शक्यता १/१०० × १/१० = १/१०००. दहातून नऊ वेळाच चालणारी सोयसुद्धा धोका दहा पटींनी कमी करते.

पण या गुणाकाराला एक अट आहे आणि पाठ्यपुस्तकात ती एका ओळीत सांगून आपण पुढे जातो: दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र असायला हव्यात. बैकानूरच्या तळावर नेमकी हीच अट मोडली. ज्या आगीने अग्निबाण धोक्यात आणला, तिनेच सुटकेच्या ताराही तोडल्या. तेव्हा गुणाकार करून आलेला एक-हजारांश हा आकडा निरर्थक झाला होता. दोघांचे प्राण वाचले, कारण हुकूम पोचवायला रेडिओचा वेगळा मार्ग होता आणि आग त्या मार्गापर्यंत पोचू शकत नव्हती.

वर्गात हे दाखवायला दोन नाणी पुरतात. चाळीस मुलांनी प्रत्येकी दोन नाणी उडवली तर दोन्हींवर छापा येणारी मुले सुमारे दहा निघतील. आता प्रत्येकाने एकच नाणे उडवावे आणि त्याचा निकाल दोन्ही नाण्यांना लावावा. दोन्ही छापा असलेली मुले सुमारे वीस होतील. नाणी कागदावर दोनच आहेत, पण दुसऱ्या नाण्याचा उपयोग संपला आहे.

सुटका यंत्रणेचा धोका उलट बाजूनेही असतो. १४ डिसेंबर १९६६ रोजी बैकानूरला एका मानवरहित सोयूझचे उड्डाण ऐन वेळी थांबवले गेले. त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने, अग्निबाण जागचा हलला नसतानाही सुटका यंत्रणा आपोआप पेटली. आतील भोवरे, म्हणजे जायरोस्कोप, अवकाशातली आपली दिशा धरून फिरत होते आणि पृथ्वी मात्र स्वतःभोवती फिरत होती. अर्ध्या तासात पृथ्वी साडेसात अंश फिरते. यंत्रणेला वाटले की अग्निबाण कलंडतो आहे! त्या ज्वाळांनी खालचा अग्निबाण पेटला आणि जीवितहानी झाली. सुटका यंत्रणा वेळेवर चालली पाहिजे आणि नको तेव्हा चालताही कामा नये. रेडिओ हुकमासाठी दोन माणसांच्या दोन कळा असण्याचे महत्त्व यावरून कळते.

काही महिने की काही वर्षे

१९८३ च्या आगीनंतर १३५ दिवसांनी, ८ फेब्रुवारी १९८४ रोजी, पुढचे मानवी उड्डाण झाले. जळालेला तळ दुरुस्तीत असल्याने दुसरा तळ वापरला गेला. ३ एप्रिलला युरी मालिशेव्ह, स्त्रेकालोव्ह आणि शर्मा निघाले आणि ११ एप्रिलला सुखरूप परतले. याउलट २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट होऊन सात जण गेले, तेव्हा अमेरिकेचे पुढचे मानवी उड्डाण २९ सप्टेंबर १९८८ ला, म्हणजे दोन वर्षे आठ महिन्यांनी झाले. इतका फरक का?

त्याचे एक उत्तर दोष कोठे असतो यात आहे. एखादा दोष त्या एका नगात असतो: झडप अडकते, जोडणीत चूक होते. असा दोष सापडला की बाकीचे नग तपासता येतात. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी सोयूझ अग्निबाण उड्डाणात फुटला. जोडणी करताना एका संवेदकाची खीळ वाकली होती, हे कारण निघाले. दोघे अंतराळवीर सुटका यंत्रणेमुळे वाचले होते. मधल्या काळात त्याच जातीच्या अग्निबाणातून मालवाहू यान पाठवून पाहिले गेले आणि ५३ दिवसांनी, ३ डिसेंबरला, माणसे पुन्हा निघाली.

दुसरा दोष आराखड्यात असतो. तो सगळ्याच नगांत असतो, मग कितीही बारकाईने तपासणी करा. चॅलेंजरच्या घन इंधनाच्या बूस्टरचे भाग जेथे जोडले होते, तेथे गरम वायू अडवायला रबरी कडी होती. एक निकामी झाले तर दुसरे, अशी दोन. त्या सकाळी तापमान २ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. थंडीने रबर ताठर झाले आणि फट वेळेवर भरेना. पण थंडी एका कड्यापुरती नसते, ती दोन्ही कड्यांना सारखीच लागते. येथेही दुसरे नाणे पहिल्याचेच प्रतिबिंब होते. चौकशी समितीतील भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी बर्फाच्या पाण्यात रबराचा दाबलेला तुकडा बुडवून तो लगेच पूर्ववत होत नाही हे सर्वांसमोर दाखवले. शिवाय बूस्टर जळत असताना बाहेर पडण्याचा मार्गच त्या यानात नव्हता. आराखडा बदलायचा, सांधा नव्याने करायचा, तिसरे कडे आणि तापक बसवायचे, हे सारे वेळखाऊ काम होते.

तिसरा दोष माणसांच्या निर्णयात असतो आणि तो सर्वांत चिवट. चॅलेंजरच्या आधी शटलची २४ उड्डाणे यशस्वी झाली होती. त्यांतील काहींमध्ये रबरी कडी झिजलेली आढळली होती. तरी यान परत आले, म्हणून झीज चालण्यासारखी आहे असा समज झाला. कोलंबियाचेही तसेच. इंधनटाकीवरचा फेस सुटून पडताना पूर्वीही दिसला होता. जानेवारी २००३ मध्ये अशा एका तुकड्याने डावा पंख फोडला आणि १ फेब्रुवारीला परतताना कल्पना चावला व त्यांचे सहा सहकारी गेले. २६ जुलै २००५ ला शटल पुन्हा उडाले, तेव्हाही फेसाचा मोठा तुकडा सुटला! तो यानाला लागला नाही. पण या वेळी यानाची कॅमेऱ्याने तपासणी करण्याची आणि गरज पडल्यास अंतराळस्थानकात थांबण्याची सोय होती. पुढचे उड्डाण जुलै २००६ पर्यंत थांबवले गेले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. किती दिवस थांबलो यावर सुरक्षितता मोजता येत नाही. मागची किती उड्डाणे नीट झाली यावरही ती पूर्ण मोजता येत नाही. विचारायचे प्रश्न तीन: कारण नक्की कळले का? तेच कारण इतर नगांत किंवा आराखड्यात आहे का? आणि पुन्हा बिघाड झालाच, तर त्याच बिघाडाने बंद होणार नाही असा वेगळा मार्ग आहे का? १९८४ च्या सोयूझच्या बाबतीत या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर खुद्द स्त्रेकालोव्ह होते. त्यामुळे धोका शून्य झाला नव्हता. तो मोजून स्वीकारला गेला होता.

आपल्याकडे

गगनयानात भारताने हाच तिसरा प्रश्न आधी हाती घेतला. ५ जुलै २०१८ रोजी श्रीहरिकोटा येथे तळावरूनच सुटका करण्याची चाचणी झाली. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी उडत्या अग्निबाणापासून, ध्वनीहून अधिक वेगात असताना, माणूस नसलेले यान वेगळे करून समुद्रात उतरवण्यात आले. त्या सकाळी उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना संगणकाने उलटी गणती आपोआप थांबवली होती. कारण शोधले, दुरुस्त केले आणि दहा वाजता उड्डाण झाले. दूरदर्शनसमोर बसलेली मुले त्या थांबण्याने हिरमुसली असतील. त्यांना सांगायला हवे की त्या दिवशी यंत्रणेने पहिली परीक्षा थांबूनच दिली.

पहिले भारतीय यान माणसांना घेऊन निघेल, तेव्हा त्यासाठी निवडलेल्या हवाई दलाच्या वैमानिकांची घरची माणसे कोठेतरी पडद्यासमोर बसलेली असतील. उड्डाण आणखी एकदा पुढे ढकलले गेले, अशी बातमी त्याआधी आली तर वर्गात वरचे तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत. बातमीत त्यांची उत्तरे शोधायला मुलांना सांगावे, आणि उत्तर सापडले नाही तर त्या प्रश्नापुढची जागा कोरीच ठेवावी.