जपानला प्रथमच जाताना

मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त परदेशी गेली, बिऱ्हाड मांडून झाले, की चार-सहा महिन्यांत "आईबाबा, आता एकदा या" असे निमंत्रण येते. आपल्याकडील पुष्कळ घरांतून आज हा अनुभव आहे. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपणां मंडळींना परभाषेचे तसे भय नाही. घरात मराठी, शेजारी कानडी आणि बाजारात दखनी, ही कसरत आपण बाळपणापासून करीत आलो. तथापि जेथे पाटीवरील एक अक्षरही लागत नाही, अशा देशात पाऊल टाकताना मन बिचकतेच. दोन वर्षांपूर्वी मी व सौ. मुलीकडे टोकियोस जाऊन आलो. तेथे जे शिकलो, त्यातील उपयोगाचे तेवढे येथे सांगतो.

जपान आपल्याला अगदीच परका नाही. टोकियोतील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका वाचनात आल्यावर महर्षी कर्वे यांच्या मनातील संकल्पाला आकार आला आणि १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ उभे राहिले. तेथील देवळांतून आपली सरस्वती 'बेंझाइतेन' आणि आपला गणपती 'कांगितेन' या नावांनी नांदतो.

तयारीचा आरंभ औषधांपासून करावा. आपल्याकडे सर्दीवर सहज घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रीन नावाचे द्रव्य असते. त्याचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर ते औषध जपानमध्ये नेण्यास बंदी आहे. कोडीन असलेल्या औषधांवरही निर्बंध आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली रक्तदाब वगैरेंची नित्याची औषधे साधारणतः एक महिना पुरतील इतकीच नेता येतात. आपला मुक्काम बहुधा दोन-तीन महिन्यांचा असतो. तेव्हा अधिक साठ्यासाठी तेथील आरोग्य खात्याचे प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच मिळवावे, आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी जवळ ठेवावी. ताजी फळे, भाज्या आणि कढीलिंबाची पाने प्रमाणपत्रावाचून नेता येत नाहीत. लेकीसाठी आंबे बांधून घेण्याचा मोह म्हणूनच आवरावा. तेथील वीज शंभर व्होल्टची असून भिंतीतील खाचा दोन चपट्या पट्ट्यांच्या असतात, हेही ध्यानात असावे.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. वाडग्यात केवळ भाज्या व सोयाबीनचे पनीर दिसले, म्हणून तो पदार्थ शाकाहारी ठरत नाही. तेथील बहुतेक रश्शांचा पाया 'दाशी' नावाचा अर्क असतो आणि तो पुष्कळदा सुकविलेल्या माशापासून काढतात. "मांस, मासे आणि माशांचा अर्कही चालत नाही" असे वाक्य जपानीत लिहून घेऊन खिशात बाळगावे. बौद्ध मठांतील 'शोजिन र्‍योरी' हे परंपरागत जेवण मात्र मांस-मत्स्यविरहित असते.

रीतिभाती समजल्या, की पुष्कळ संकोच टळतो. घरात पादत्राणे नेत नाहीत, हे आपल्यासारखेच. परंतु तातामीच्या चटईवर सपाताही चालत नाहीत आणि शौचगृहाच्या सपाता वेगळ्या असतात. न्हाणीघरात अंग बाहेर स्वच्छ धुऊन मगच टबात उतरावे, कारण तेच पाणी घरातील सर्वांसाठी असते. जेवणाच्या काड्या भातात उभ्या खोचू नयेत आणि काडीने काडीला घास देऊ नये. पहिली कृती मृताच्या नैवेद्याची, तर दुसरी दहनानंतर अस्थी वेचण्याची आठवण देते. पिंडाचा भात ओळखणाऱ्या आपल्या लोकांना याचे मर्म वेगळे सांगावयास नको. हॉटेलात बक्षिसी देण्याची चाल नाही. गाडीत दूरध्वनीवर बोलणे असभ्य मानतात. रस्त्यात कचऱ्याच्या पेट्या क्वचितच आढळतात, म्हणून पिशवीत एक रिकामी पिशवी ठेवावी.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. आयुष्यभराच्या सवयीने दोघांची पारपत्रे, पैसे आणि मुलीचा पत्ता मी माझ्याच पिशवीत ठेवीत असे. एके दिवशी स्थानकावर गर्दीत मी डब्यात चढलो, दार मिटले आणि सौ. फलाटावरच राहिली. तिच्याजवळ फोन नव्हता, कागद नव्हता, एक येनही नव्हता. पुढच्या स्थानकावर उतरून, जिने चढून-उतरून उलट गाडीने परत येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे गेली. ती त्याच खांबापाशी उभी होती आणि स्थानकाचा एक सेवक तिच्याशेजारी मुकाट्याने थांबला होता. ती रडली नाही की रागावली नाही. एवढेच म्हणाली, "तुम्ही परत याल हे ठाऊक होते, पण आला नसता, तर मी कोठे राहते हे मला कोणालाही सांगता आले नसते."

त्या वाक्याने मी ओशाळलो. पारपत्र सतत जवळ बाळगावे, असा तेथील कायदा परदेशी पाहुण्यांना सांगतो. आणि तो प्रत्येकाला सांगतो, केवळ कुटुंबप्रमुखाला नव्हे. त्या दिवसापासून तिचे पारपत्र, काही पैसे आणि जपानी लिपीत लिहिलेला पत्ता तिच्या पिशवीत आला. आम्ही नियमही ठरविला: चुकामूक झाली, तर मागे राहिलेल्याने जागा सोडू नये आणि पुढे गेलेल्याने पुढच्याच स्थानकावरून परतावे. तेवढ्यानेही भेट न झाल्यास 'कोबान' म्हणजे पोलीसचौकीत जाऊन पत्त्याचा कागद दाखवावा. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका व अग्निशामक दलासाठी ११९ हे क्रमांक दोघांनाही पाठ असावेत. भूकंपाचा धक्का बसला, तर बाहेर धावत न सुटता भक्कम मेजाखाली शिरून डोके सांभाळावे, हेही दोघांनी आधीच बोलून ठेवावे.

परतण्याच्या आदल्या आठवड्यात सौ. एकटीच गाडीने जाऊन नातवासाठी रंगीत कागद घेऊन आली. मी घरी घड्याळाकडे पाहत बसलो होतो. तिच्या हातातील ती पुडी मला आमच्या साऱ्या प्रवासाची कमाई वाटली. आपल्यापैकी जी जोडपी प्रथमच परदेशी निघतील, त्यांनी सामान एकत्र बांधावे. मात्र कागदपत्रे, पैसे आणि माहिती यांची वाटणी घरातूनच करून निघावे.