अर्धविराम आणि प्रिंटर

कचेरीत प्रिंटर एकच आणि संगणक दहा, हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. त्यातले बरेच संगणक विंडोजवर चालतात आणि प्रिंटर लिनक्सच्या संगणकाला जोडलेला असतो. दोघांची भाषा वेगळी, म्हणून मध्ये दुभाषा लागतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लिहायला घेतलेलं ‘सांबा’ हे सॉफ्टवेअर म्हणजे असा दुभाषा. आपल्या सांब सदाशिवाशी त्याचं नातं नाही; विंडोजच्या ‘एसएमबी’ या संवादपद्धतीची अक्षरं असलेला शब्द शोधताना ते नाव सापडलं.

समजा, विंडोजवरून कुणी ‘जोशी; बिल’ नावाचा कागद छापायला पाठवला. विंडोजला हा अर्धविराम म्हणजे साधं चिन्ह. पण सांबा छपाईचं काम लिनक्सच्या ‘शेल’कडे, म्हणजे लिहून दिलेल्या आज्ञा पाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे, सोपवू शकतो. शेलच्या लेखी अर्धविराम म्हणजे ‘ही आज्ञा संपली, पुढची घे’. नाव जसंच्या तसं आज्ञेत चिकटवलं, तर ‘बिल’ ही त्याला नवी आज्ञा वाटते. अशी आज्ञा नाही म्हणून तो कुरकुरेल, एवढंच. पण तिथे कुणी मुद्दाम फायली पुसण्याची आज्ञा लिहिली तर?

ही भीती पोकळ नाही. सांबाच्या ३.०.० पासूनच्या आवृत्त्यांत याच जातीची फट होती, दुसऱ्या संगणकावरून प्रिंटरची व्यवस्था पाहण्याच्या भागातसुद्धा. मे २००७ मध्ये, ३.०.२५ या आवृत्तीत ती बुजवली गेली.

मग इंग्रजी अक्षरं आणि आकडे तेवढे ठेवावेत, बाकी सगळ्याच्या जागी अधोरेषा घालावी? इथे मराठी माणसाची पंचाईत होते. यूटीएफ-८ या युनिकोडच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ज, ओकार, श आणि ईकार मिळून बारा बाइट. एकेक बाइट चाळणारा प्रोग्रॅम ‘जोशी’च्या जागी बारा अधोरेषा ठेवेल! वास्तविक त्या बाराही बाइटांचे आकडे १२८ किंवा त्याहून मोठे असतात आणि अर्धविरामाचा आकडा ५९. त्यामुळे गल्लत होण्याचं कारणच नाही. जुन्या जपानी ‘शिफ्ट-जिस’ पद्धतीत मात्र काही अक्षरांचा दुसरा बाइट उलट्या तिरप्या रेघेचाच असे.

मला विचाराल तर चाळणीपेक्षा, शेलला मध्ये न घेता नाव थेट छपाईच्या प्रोग्रॅमच्या हाती द्यावं, हे बरं. प्रिंटरच्या नावाचं पथ्य मात्र आपणच पाळायचं. विंडोजवर ‘दुसरा मजला’ हे नाव चालतं. लिनक्सवर छपाई सांभाळणाऱ्या ‘कप्स’ला नावात मोकळी जागा, तिरपी रेघ किंवा # चालत नाही.