पद्मिनीसाठी पिस्टन शोधताना

आमच्या आजोबांची प्रीमियर पद्मिनी साताऱ्याला घरामागे बारा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. यंदा त्यांनी मनावर घेतलं, याच गाडीनं पुन्हा एकदा पंढरपूर करायचं. "तू इंजिनिअर होणार ना?" एवढं म्हणाले आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

ही गाडी म्हणजे मूळची फियाट ११००. इंजिन १०८९ सीसी, बोर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. कुर्ल्याचा कारखाना केव्हाच बंद झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. तेव्हा पार्ट शोधायचे ते जुन्या दुकानांच्या माळ्यावर आणि भंगारात!

पुण्याच्या जुन्या बाजारात मला एका रविवारी चार पिस्टनचा न वापरलेला संच दिसला. ०.४० ओव्हरसाइझ, म्हणजे ६८.४०. आनंदाच्या भरात मेसचे दोन महिन्यांचे पैसे मोजून मोकळा झालो. ब्लॉक मोजलाच नव्हता!

मशीन शॉपमधल्या मिस्त्रीमामांनी बोअर गेज घातला आणि मान हलवली. सिलिंडर सगळीकडे सारखं झिजत नाही. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे जास्त झिजतं आणि गोलाचं अंडाकृती होतं. आमचा ब्लॉक पूर्वी एकदा बोर झालेला. तीन सिलिंडर ६८.४० ला साफ होणार होती, पण तिसऱ्याचा वरचा भाग ६८.४५ च्या पुढे गेलेला. झिजलेलं परत भरणार कसं? माझा चेहरा पाहून मामा म्हणाले, "रडू नको. तिसऱ्याला स्लीव्ह ठोकू, आणि ती तुझ्या पिस्टनच्या मापाला बोर करू." पण त्याआधी त्यांनी पिनचा व्यास, पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची आणि रिंगच्या खाचांची रुंदी जुन्या पिस्टनशी ताडून पाहिली. नुसता व्यास जुळून भागत नाही. पिस्टन हातात आल्याशिवाय बोरिंग करायचं नाही, हा त्यांचा नियम.

तेव्हापासून मी दुकानात गाडीचं नाव नंतर सांगतो, आधी व्हर्निअर काढतो. बेअरिंग शेलच्या पाठीवर अंडरसाइझ ठोकलेला असतो, तो वाचायचा. बॉल बेअरिंगवर ६२०३ असेल तर आतला व्यास १७, बाहेरचा ४०, रुंदी १२ मिमी. तोच नंबर वॉशिंग मशीनच्या दुकानातही मिळतो. (क्लिअरन्सचं अक्षर मात्र बघा, सी-३ आहे की नाही ते.) कागदी आणि कॉर्कची गॅस्केटं तर शीट वर ठेवून हातोडीनं कडा ठोकत घरीच कापली.

हेड गॅस्केट मात्र असं कापून चालत नाही, आणि तेच अजून मिळालेलं नाही. कुणाच्या घरी टॅक्सीचं जुनं सामान पडलं असेल तर सी ब्लॉकच्या वॉचमनकाकांकडे निरोप ठेवा. भोकाचा व्यास मोजून कळवलात तर फारच उत्तम.