कामरगावचं ताट, परदेशातला बाजार

कामरगाव (ता. कारंजा, जि. वाशीम) : ताट वऱ्हाडी. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी.

• ज्वारी : अमेरिकेत पीठ 'सॉर्गम' नावाने, बहुधा ग्लूटेनमुक्त पिठांच्या फळीवर. पाकिटातलं पीठ जुनं असेल तर विरी गेलेली असते. थापताना भाकरीच्या कडा फाटतात. अशा वेळी उकळत्या पाण्यात उकड काढून, गरम असतानाच मळावं.

• तूर : 'पिजन पी'. कॅरिबियन दुकानांत अख्खे दाणे. डाळीसाठी भारतीय दुकान. 'पटेल ब्रदर्स'चं पहिलं दुकान शिकागोत, १९७४.

• अंबाडी : तेलुगू दुकानदाराकडे 'गोंगुरा' म्हणून मागावी. म्यानमारी लोकांच्या दुकानांतही मिळते.

• खसखस : संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये बंदी. घरच्या काळ्या मसाल्यातही ती असते. बॅग भरण्याआधी हे तपासणं फार महत्त्वाचं.

• मिक्सर : भारतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. नुसता प्लग बदलून भागत नाही. ब्रिटनमध्ये व्होल्टेज जुळतं, पिन वेगळी.

• तवा, कुकर : लोखंडी तवा इंडक्शनवर चालतो. साधा ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. इंडक्शनच्या बुडाचा किंवा तसा स्टीलचा घ्यावा.