तापलेल्या तव्यावरचा थेंब

भिलाईच्या नेहरू नगरातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात हा प्रयोग होईल. कोरडा लोखंडी तवा गॅसवर ठेवा, थोडं लांब उभं राहून पाण्याचे दोन थेंब शिंपडा. (नॉनस्टिक तवा या खेळात आणू नका.) तवा जेमतेम तापलेला असेल, तर थेंब चर्र करून लगेच उडून जातो. तोच तवा साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला, की थेंब गोळी होऊन सैरावैरा पळतो आणि चक्क जास्त वेळ टिकतो! थेंबाच्या तळाची क्षणात वाफ होते, त्या वाफेवर उरलेला थेंब तरंगतो आणि वाफेतून उष्णता फार हळू पोचते. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये लालभडक लोखंडी चमच्यात पाणी टाकून हे नोंदवलं.

भिलाई तर पोलादाचं शहर; तिथली पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. पोलादाच्या धंद्यात हीच वाफ डोकेदुखी ठरते. लाल पोलादावर पाणी नुसतं ओतलं, तर वाफेचा पडदा मध्ये येतो आणि पोलाद सावकाश, तेही असमान निवतं. म्हणून फवारा जोराचा लागतो. तो पडदा फोडून पाणी धातूला भिडवतो.