बेलरचा पट्टा खरंच संपला आहे का?

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या पेला गावी गॅरी व्हर्मीर यांनी 1971 साली मोठे गोल गठ्ठे बांधणारा बेलर तयार केला आणि एकट्या माणसाला ट्रॅक्टरवर बसून वाळल्या गवताचं काम उरकता येऊ लागलं. अशा बेलरच्या पोटात रबरी पट्टे शेजारी शेजारी धावतात आणि गवत गोल फिरवत घट्ट आवळतात. हा संच महाग असतो, म्हणून त्याबद्दलचे गैरसमज शेतकऱ्याला फार महागात पडतात. (लहान गोल बेलरमध्ये बहुधा पट्ट्यांऐवजी रोलर असतात, त्यांना हे लागू नाही.)

वरची नक्षी झिजली की पट्टा बाद, असं सर्रास मानलं जातं. पण ओढ सोसतं ते आतलं कापड. रबर पकड देतं. गुळगुळीत पट्टा मुख्यतः कोरड्या, निसरड्या पेंढ्याचा गठ्ठा सुरू होताना त्रास देतो. थर सुटू लागले, आडवी चीर गेली किंवा कापड उघडं पडलं, तर मात्र चालढकल करू नये. ‘पट्टा तुटला’ म्हणतात तेव्हाही पुष्कळदा पट्टा धड असतो. झिजलेली असते ती जोडातली पिन किंवा क्लिप. पिन स्वस्त आहे, ती वेळेवर बदलावी. जोड नव्याने बसवताना टोक गुण्याने काटकोनात कापावं, नाहीतर पट्टा तिरका धावतो.

सगळ्यात नुकसान करणारी समजूत म्हणजे ‘एक खराब झाला, एकच नवा घाला’. जुने पट्टे वापराने लांबतात. 12 मीटरचा पट्टा फक्त 1 टक्का लांबला, तरी 12 सेंटिमीटरचा फरक पडतो. मग आखूड असलेल्या नव्या पट्ट्यावर सगळा भार येतो, शेजारचे सैल राहतात आणि गठ्ठा वेडावाकडा होतो. म्हणून आधी सगळे पट्टे मोजावेत. बेलरच्या पुस्तिकेतल्या किमान लांबीच्या खाली जात नसतील, तर जुने कापून सारखे करता येतात. तसं जमत नसेल, तर पूर्ण संच बदलणंच शहाणपणाचं.

पट्टा एका बाजूला सरकला की लगेच ताण वाढवणारेही बरेच. आधी रोलरवर गुंडाळलेलं गवत काढा. शेतातली गवताची ओळ बेलरच्या एकाच बाजूने आत जाते का, तेही बघा. तसं असेल तर ट्रॅक्टर आलटून पालटून डावी-उजवीकडे धरावा लागतो. हे न करता नुसता ताण वाढवला, तर बेअरिंगांवर आणि जोडांवर उगाच भार येतो.

आणि इंजिन बंद केलं म्हणजे यंत्र सुरक्षित झालं, हे तर मुळीच खरं नाही. पट्टे ताणणारा दांडा स्प्रिंग किंवा हायड्रॉलिकच्या जोरावर दाबून धरलेला असतो. त्यावरचा ताण पुस्तिकेप्रमाणे उतरवल्याशिवाय पिन ओढू नये, आणि मागचं दार लॉक केल्याशिवाय त्याखाली जाऊ नये.