मे महिन्यातली पिशवी

महाराष्ट्रात रक्तदान शिबिराचा फलक दिसला नाही असा आठवडा क्वचितच जातो. शिवजयंती, आंबेडकर जयंती, पंधरा ऑगस्ट, गणेशोत्सव, नवरात्र, कुणा नेत्याचा वाढदिवस, कुणा दिवंगत कार्यकर्त्याची पुण्यतिथी, असं कोणतंही निमित्त पुरतं. शाळेचा हॉल किंवा सोसायटीचं पार्किंग मिळतं, चार-सहा खाटा मांडल्या जातात आणि संध्याकाळपर्यंत रक्तपेढीची गाडी भरून निघून जाते. अलीकडच्या वर्षांत राज्यात वर्षाला वीस लाखांच्या आसपास पिशव्या रक्त गोळा होतं आणि त्यातलं बहुतेक असल्याच शिबिरांमधून येतं. एवढी मोठी व्यवस्था गल्लीतल्या बिनपगारी माणसांच्या हातांवर उभी आहे. तिचं कौतुक पुष्कळ होतं, पण ती चालते कशी आणि अडते कुठे हे तिच्यात राबणाऱ्यांनाही अनेकदा कुणी सांगितलेलं नसतं.

मुंबईत ऐच्छिक रक्तदानाची शिबिरं सुरू करण्याचं श्रेय लीला मुळगावकर यांना जातं. साल 1954. रक्त दिलं की माणूस खंगतो, ही समजूत तेव्हा घट्ट होती. रुग्णालयांना रक्त मिळे ते नातेवाइकांकडून, नाहीतर पैसे घेऊन देणाऱ्यांकडून. लीलाबाई लोकांपर्यंत गेल्या, त्यांच्याशी बोलल्या आणि शिबिर भरवण्याची रीत त्यांनी रुजवली. तरीही रक्त विकून पोट भरणारी माणसं पुढची चाळीस वर्षं रुग्णालयांच्या आसपास होतीच. उपाशीपोटी, पुन्हा पुन्हा रक्त देणारी ही माणसं स्वतः आजारी पडत आणि त्यांचं रक्त घेणाऱ्यालाही आजार देत. एड्सच्या साथीनंतर हा प्रश्न जीवघेणा झाला. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1996 मध्ये निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत देशात बंद झाली. त्या दिवसापासून रक्तपेढीला दोनच वाटा उरल्या. एक, रुग्णाच्या नातेवाइकांना बदली रक्तदाता आणायला सांगणं आणि दुसरी, शिबिर. बाहेरगावाहून आलेल्या, शहरात कुणी ओळखीचं नसलेल्या माणसाला 'दोन डोनर आणा' असं सांगितलं जातं, तेव्हा त्याच्यावर काय येतं ते रुग्णालयाच्या जिन्यावर बसलेल्या कुणालाही विचारावं. ती वेळ त्याच्यावर येऊ नये, यासाठी शिबिर असतं.

आता शिबिराच्या आत जाऊ. दारापाशी फॉर्म भरून होतो, वजनकाट्यावर उभं राहावं लागतं. वजन किमान 45 किलो हवं, वय 18 ते 65, पहिल्यांदाच देणार असाल तर साठीच्या आत. मग येतं ते टेबल, जिथे मला तासन्‌तास उभं राहायला आवडतं. तिथे काचेच्या छोट्या भांड्यात मोरचुदाचं निळं पाणी असतं. त्याची घनता नेमकी 1.053 ठेवलेली असते. बोटाच्या टोकाला टोचून आलेला रक्ताचा थेंब सेंटीमीटरभर उंचीवरून त्या पाण्यात सोडतात. थेंब पंधरा सेकंदांच्या आत सरळ तळाला गेला, तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे, म्हणजे रक्त देता येईल. तो मध्येच घुटमळला किंवा पुन्हा वर आला तर नाही. काही ठिकाणी आता छोटं डिजिटल यंत्र असतं, पण वीज गेली, बॅटरी संपली तरी मोरचूद चालतो.

या टेबलावरून परत जाणाऱ्यांत बायका जास्त असतात. महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं आहे. त्यांच्यातल्या कितीतरी जणींना ते कळतं तेच मुळी शिबिराच्या टेबलावर. हौसेने आलेली बाई 'एचबी कमी आहे' एवढं ऐकून खाली मान घालून निघून जाते आणि आपण पुढच्या माणसाला हाक मारतो. हे मला अक्षम्य वाटतं. ज्या शिबिरात एखादी स्वयंसेविका तिला बाजूला बसवून आकडा चिठ्ठीवर लिहून देते, जवळच्या महापालिकेच्या दवाखान्याची वेळ सांगते, लोहाच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात हे सांगते, ते शिबिर मी चांगलं मानतो, पिशव्या कितीही जमोत.

एचबी ठीक निघालं की रक्तदाब, थोडी विचारपूस आणि मग खाट. जाड सुई, दंडाला पट्टा, हातात दाबायला रबरी चेंडू. पिशवी झुलत्या तराजूवर असते. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून आधीच औषधी द्रव भरलेला असतो आणि रक्तात तो सारखा मिसळत राहावा म्हणून तराजू हलत राहतो. 350 मिली व्हायला पाच ते आठ मिनिटं लागतात. वजन 55 किलोच्या वर असेल तर 450 मिलीही घेतात. ज्यांना चक्कर येते त्यांना बहुधा खाटेवर येत नाही, उठल्यानंतर येते. म्हणून कॉफी-बिस्किटांच्या टेबलाशी बसलेला माणूस महत्त्वाचा. कोण पांढराफटक पडतोय, कुणाच्या कपाळावर घाम आलाय, कोण घाईघाईने मोटारसायकलच्या चाव्या काढतोय, हे त्यानेच पाहायचं. रक्तदात्याला दहा-पंधरा मिनिटं गप्पांत गुंतवून ठेवणारा गोड बोलका गृहस्थ प्रत्येक मंडळात असतोच. त्याला सेल्फी पॉइंटवर उभं करू नका, इथे बसवा.

पिशवी रक्तपेढीत पोचली की एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया यांच्या तपासण्या होतात. मग फिरत्या यंत्रात घालून तिचे भाग वेगळे काढतात. तांबड्या पेशी 2 ते 6 अंशांत ठेवल्या तर पिशवीतल्या द्रवाप्रमाणे 35 किंवा 42 दिवस टिकतात. प्लाझ्मा उणे तीस अंशांत वर्षभर राहतो. प्लेटलेट्स मात्र नाजूक. त्या थंडीत ठेवायच्याच नसतात. 20 ते 24 अंशांत, सतत हलत्या पाळण्यात ठेवाव्या लागतात आणि तरीही पाच दिवसांत टाकून द्याव्या लागतात. एका दात्याचं रक्त अशा रीतीने तिघांना कामी येतं, हे फलकांवर लिहिलेलं असतं. हे आयुर्मान मात्र फलकांवर नसतं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

तांबड्या पेशींचं आयुष्य पाच-सहा आठवड्यांचं. एकाच सणाच्या आठवड्यात शहरात शंभर शिबिरं झाली, तर शीतकपाटं भरून वाहतात, काही पिशव्यांची मुदत संपते. नंतर मे महिना येतो. कॉलेजं बंद, कारखान्यांतले लोक गावी गेलेले, सोसायट्या अर्ध्या रिकाम्या, उन्हात शिबिर घ्यायला कुणी तयार नाही. दिवाळीच्या सुट्टीत तेच. मेमध्ये अपघात थांबत नाहीत, बाळंतपणं थांबत नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, ते सुट्टी घेऊन चालत नाही. पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यूची साथ आली की प्लेटलेट्ससाठी फोन सुरू होतात आणि पाच दिवसांच्या आयुष्यामुळे ऑगस्टमध्ये जमवलेल्या प्लेटलेट्स ऑक्टोबरच्या रुग्णाला कधीच मिळणार नसतात. दरवर्षी रक्तपेढ्या मेमध्ये आवाहनं करतात, दरवर्षी वर्तमानपत्रांत तुटवड्याच्या बातम्या येतात आणि दरवर्षी आपण पुन्हा गणपतीत एका दिवसात किती पिशव्या केल्या याचा आकडा मांडवावर लावतो.

विक्रमाच्या या हौसेबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ती सोडून द्यावी. शिबिराला जे पथक येतं त्याचं प्रमाणही औषध नियमांतच घालून दिलं आहे. एक डॉक्टर, दोन परिचारिका, तीन तंत्रज्ञ आणि सोबतची माणसं एवढं पथक तीन तासांत 50 ते 70 किंवा पाच तासांत 100 ते 120 दात्यांचं रक्त नीट घेऊ शकतं. त्याच्या दुप्पट-तिप्पट माणसं रांगेत लावली की पहिल्यांदा काट मारली जाते ती विचारपुशीवर आणि शेवटच्या विश्रांतीवर. विचारपूस तर सगळ्यात जपायची गोष्ट. संसर्ग झाल्यानंतरचे सुरुवातीचे काही दिवस असे असतात की तो कोणत्याही तपासणीत दिसत नाही. त्या दिवसांत रुग्णाचं रक्षण फक्त दात्याच्या खऱ्या उत्तरावर असतं. वर्षाच्या आत टॅटू काढलाय का, कावीळ झाली होती का, सध्या कोणतं औषध चालू आहे का, हे प्रश्न त्यासाठी. दात्याला हेल्मेट, बॅग, कुकर देण्याची जी चढाओढ लागते, ती म्हणूनच धोक्याची. कुकर मिळणार असेल तर माणूस कावीळ लपवतो. एखादं प्रशस्तिपत्र आणि दात्याचं कार्ड पुरे आहे.

रक्तगटाच्या बाबतीत मुंबईचं नाव जगभरच्या पुस्तकांत आहे, तेही सांगायला हवं. केईएम रुग्णालयात डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रुग्ण आढळले की ज्यांना नेहमीच्या तपासणीत 'ओ' म्हणावं, पण 'ओ' रक्तही चालत नाही. 1952 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि त्या गटाला 'बॉम्बे' हेच नाव मिळालं. भारतात अंदाजे दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो. अशा माणसाला रक्त देऊ शकणारी माणसं देशभरात विखुरलेली असतात आणि कुणी तरी जपून ठेवलेल्या यादीतून, फोनवरून, रात्रीच्या रेल्वेने ती एकमेकांपर्यंत पोचतात. दात्यांची यादी राखणं हे केवढं मोठं काम आहे, ते या दुर्मीळ गटाकडे पाहिल्यावर पटतं.

तेच काम आपल्या वाडीत, सोसायटीत, आळीत करता येतं आणि त्याला स्वतःचं रक्त द्यावं लागत नाही. मधुमेहाचं इन्शुलिन घेणारे, सत्तरी ओलांडलेले, नुकतीच बाळंत झालेली सून, एचबी कमी असलेली कॉलेजकन्या यांना आपण 'तुमचं काही काम नाही' म्हणून घरी पाठवतो. वास्तविक एका साध्या वहीत नाव, गट, फोन आणि शेवटचं रक्तदान कधी, एवढे चार रकाने भरायला निवृत्त कारकुनापेक्षा योग्य माणूस कोण? पुरुषांना 90 दिवसांनी, स्त्रियांना 120 दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं. म्हणजे वहीत तारीख असली की पुढचा फोन कधी करायचा ते ठरलेलंच आहे. फोन करून 'काका, तुमचे तीन महिने झाले' एवढं सांगणाऱ्या एका माणसामुळे वर्षातून एकदा देणारा तीनदा देऊ लागतो. दात्यांची संख्या वाढवण्यापेक्षा आहे त्या दात्याला नियमित करणं सोपं आहे आणि सुरक्षितही, कारण नेहमीच्या दात्याचं रक्त प्रत्येक वेळी तपासलं गेलेलं असतं.

हे होऊ शकतं याचा पुरावा 2020 ने दिला. टाळेबंदीत शिबिरं थांबली, राज्यभर रक्ताचा साठा उतरला आणि सरकारने लहान-लहान शिबिरं घेण्याचं आवाहन केलं. तेव्हा सोसायट्यांनी वेळा वाटून देऊन, चार-चार माणसांना बोलावून शिबिरं घेतली. लालबागचा राजा मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला आणि त्यात रक्तदान व प्लाझ्मादान ठेवलं. गर्दी, मांडव, ध्वनिवर्धक यांतलं काहीही नसताना शिबिर होतं, हे सगळ्यांनी पाहिलं.

एक शंका प्रत्येक शिबिरात कुणी ना कुणी विचारतं: आम्ही फुकट दिलेल्या रक्ताचे रुग्णाकडून पैसे का घेता? रक्त विकता येत नाही. घेतलं जातं ते प्रक्रियाशुल्क, म्हणजे पिशवी, तपासण्या, वीज, शीतकपाटं, माणसांचे पगार यांचा खर्च. त्याची कमाल मर्यादा सरकारने ठरवून दिली आहे. रक्तपेढी निवडताना तिचा परवाना चालू आहे का, रक्ताचे घटक वेगळे करण्याची सोय तिच्याकडे आहे का, आणि दात्याला तपासणीत काही आढळलं तर ती त्याला खासगीत बोलावून सांगते का, हे तीन प्रश्न संयोजकांनी विचारलेच पाहिजेत. उत्तर देताना चाचरणाऱ्या पेढीला हॉल देऊ नये.

तुमच्या सोसायटीत, मंडळात, वाचनालयात किंवा भजनी मंडळात यंदा शिबिर घ्यायचं मनात असेल, तर तारीख आधी ठरवू नका. जवळच्या रक्तपेढीच्या जनसंपर्क अधिकाऱ्याला फोन करा आणि विचारा, 'तुमच्याकडे कोणता आठवडा रिकामा आहे?' उत्तर बहुधा मेचा दुसरा-तिसरा आठवडा किंवा दिवाळीनंतरचा असेल. तो घ्या. सकाळी आठ ते अकरा, पंखे असलेली खोली, स्वच्छ स्वच्छतागृह, हात धुवायला पाणी, बसायला खुर्च्या, लिंबूसरबत आणि साठ माणसं. एवढं जमलं तर मांडवाची गरज नाही. आणि पुढच्या मेसाठी तोच आठवडा वहीत आत्ताच लिहून ठेवा.